दीव: सोमनाथ-गीरच्या सहलीला शेपूट म्हणून जोडू नका

अनवाणी | १८ नोव्हेंबर, रात्री १०:१२

दोन वर्षांपूर्वी आम्ही सोमनाथ-सासण गीर केलं तेव्हा दीवच्या वाट्याला चार तास आले होते. गाडीवाल्याने किल्ल्याच्या दारात उतरवलं, "पाऊण तासात या" म्हणाला. मग नागव्याच्या किनाऱ्यावर नारळपाणी आणि रात्रीच्या जेवणाला सोमनाथला परत. घरी आल्यावर जो विचारेल त्याला मी सांगायचे, दीवमध्ये बघण्यासारखं फारसं काही नाही. ते साफ चुकीचं होतं. यंदा दिवाळीची गर्दी ओसरल्यावर आई-बाबांना घेऊन तीन रात्री राहून आले. पुढच्या कोणी माझ्यासारखी घाई करू नये म्हणून हा धागा.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, मधे फक्त एक खाडी सोडून हे बेट आहे. पूर्व-पश्चिम ११-१२ किलोमीटर लांब आणि अगदी चिंचोळं. पूर्वेच्या टोकाला दीव गाव आणि किल्ला, पश्चिमेच्या टोकाला वणाकबारा हे मासेमारीचं गाव, मधे फुदम, नागवा, विमानतळ. खाडीपलीकडचं घोघलाही दीवमध्येच मोडतं. बहुतेक लोक नागव्याला हॉटेल घेतात. आम्ही हट्टाने जुन्या गावात घेतलं, बंदर चौकापासून चालत पाच मिनिटांवर. त्या एका गोष्टीमुळे सगळी सहलच बदलली.

पहिल्या सकाळी साडेसहाला मी एकटीच बाहेर पडले. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. घरं पिवळी, गुलाबी, निळी, काहींच्या सज्जांना बारीक नक्षी, खिडक्यांना लाकडी झडपा. यातली कितीतरी घरं बंद. एका दाराशी मी बराच वेळ थांबले. भलं मोठं जुनं कुलूप, आणि त्याला दुधाची प्लास्टिकची पिशवी घालून वर रबर लावलेलं, खाऱ्या हवेनं गंजू नये म्हणून. समोरची पायरी मात्र नुकती झाडलेली. झाडणाऱ्या आजी शेजारच्या घरातल्या. मी मोडक्या गुजरातीत विचारलं तर म्हणाल्या, "बधा बहार छे." सगळे बाहेरदेशी. येतात कधीतरी लग्नाकार्याला. तोवर पायरी झाडायची कोणी, तर त्यांनी.

त्याच वाटेवर नगरशेठची हवेली लागते. तिथून चढण चढलं की पांढरं शुभ्र सेंट थॉमस चर्च, १५९८ सालचं. आता ते संग्रहालय आहे. आत लाकडी संतमूर्ती आहेत, कोणाचा हात तुटलेला, कोणाच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला. सेंट पॉलचं चर्च मात्र नांदतं आहे. १६०१ ते १६१० या काळात बांधलेलं, दर्शनी भिंतीवर दगडी कोरीवकाम इतकं की मान दुखेपर्यंत बघावं. आईचे गुडघे बोलत होते, म्हणून ती आतल्या बाकावर बसली आणि अर्धा तास उठायलाच तयार नव्हती. गारवा आणि जुन्या लाकडाचा वास. तिला गाभाऱ्यात बसल्यासारखं वाटलं म्हणाली.

किल्ला आम्ही दुपारी साडेतीनला धरला आणि बंद होईपर्यंत सोडला नाही. समुद्र जवळजवळ सगळीकडून, आणि गावाच्या बाजूला खडकात खोदलेला खंदक. तटाच्या दगडाला हात लावला की बोटांना पिवळसर दाणे लागतात. वाऱ्याने आणि मिठाने दगड असा खाल्लाय की जागोजागी मधाच्या पोळ्यासारखी भोकं. वर दीपगृह आहे, तिथून खाडीच्या तोंडावरचा पाणीकोटा हा पाण्यातला छोटा किल्ला दिसतो, समुद्रात नांगरलेल्या जहाजासारखा. बाबा तोफांवरची अक्षरं बोटाने वाचत बसले होते. त्यांना पोर्तुगीज येत नाही, पण साल सापडलं की मला हाक मारायचे.

माझं राहिलं ते दोन गोष्टींचं. वणाकबाऱ्याला पहाटे जायचं होतं, जमलं नाही. आणि फुदमच्या गंगेश्वराला, समुद्रकाठच्या शिवाच्या देवस्थानाला, गेलो तेव्हा भर ओहोटी होती. कोणी भरतीत पाहिलंय का?

चिमणीचा_बाबा | १८ नोव्हेंबर, रात्री ११:०५

वाचनखूण साठवली. आम्ही डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जातोय, लेक सहा वर्षांची. चर्च आणि किल्ले तिला कितपत झेपतील ही शंका आहे. शिवाय मुंबईहून कसं जावं?

पाऊलवाट | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

मुंबईहून वेरावळपर्यंत थेट रेल्वे आहे. तिथून रस्त्याने कोडिनार, उना करत साधारण ९० किलोमीटर. उना ते दीव १५ किलोमीटर. विमानाच्या भरवशावर सगळी आखणी करू नका, दीवची विमानसेवा अधूनमधून बदलत असते, तिकीट हातात आल्यावरच बाकीचं ठरवा.

लेकीसाठी तीन जागा. नागव्याच्या रस्त्यावर शंखशिंपल्यांचं संग्रहालय आहे, एका निवृत्त जहाज-कप्तानांनी आयुष्यभर जमवलेलं. तांदळाच्या दाण्याएवढे शंख भिंगाखाली ठेवलेत. मोठी माणसंही तिथून हलत नाहीत. दुसरी जागा नायडा गुहा, तटबंदीच्या बाहेर. त्या नैसर्गिक गुहा नाहीत. किल्ल्यासाठी आणि तटासाठी दगड काढून काढून झालेल्या पोकळ्या आहेत असं मानतात. छतातून ऊन खाली उतरतं, मधे झाडांची मुळं लोंबतात. सकाळी दहा ते बारा जा. तिसरी जागा घोघल्याचा किनारा. २०२० साली देशातल्या ज्या आठ किनाऱ्यांना पहिल्यांदा ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळाला त्यात घोघला होता. वाळू सपाट, लहान मुलांना बरा. दीवच्याच जालंधर किनाऱ्याच्या बाजूला खडक आहेत, तिथे पाण्यात उतरवू नका.

वसईची_लेक | १९ नोव्हेंबर, दुपारी १:१४

अनवाणी, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. मीही तोफांवर सालं शोधत फिरणाऱ्यांपैकीच.

मी वसईत वाढले. आमच्या किल्ल्यात खेळतच लहानाची मोठी झाले म्हणा. दीवला पहिल्यांदा गेले तेव्हा हे सगळं आधी कुठेतरी पाहिलंय असं वाटत राहिलं, आणि ते उगाच नव्हतं. वसई आणि दीव एकाच माणसाच्या अडचणीतून पोर्तुगीजांच्या हाती गेले. गुजरातचा सुलतान बहादूरशहा. उत्तरेकडून हुमायून चालून आला, तेव्हा डिसेंबर १५३४ मध्ये त्याने वसई पोर्तुगीजांना लिहून दिली, मुंबईची बेटंही त्यातच गेली. पुढच्या वर्षी, १५३५ मध्ये, दीवला किल्ला बांधायची परवानगी दिली. हुमायून परत फिरल्यावर त्याला पश्चात्ताप झाला. फेब्रुवारी १५३७ मध्ये तो गव्हर्नर नुनो द कुन्याला भेटायला त्याच्या जहाजावर गेला आणि परतताना झालेल्या झटापटीत दीवच्या समोरच समुद्रात मारला गेला. दीपगृहापाशी उभे राहून ज्या पाण्याकडे आपण बघतो, तिथेच.

मग १५३८ मध्ये इजिप्तहून सुलेमान पाशाचं तुर्की आरमार आलं, किल्ल्याला वेढा पडला आणि उठला. १५४६ मध्ये दुसरा वेढा. या वेढ्यात गुजरातचा सरदार ख्वाजा सफर तोफगोळ्याने मेला, आणि पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव द कास्त्रोचा मुलगा सुरुंगाच्या स्फोटात मेला. कास्त्रो स्वतः गोव्याहून आरमार घेऊन आला तेव्हा कुठे वेढा मोडला. किल्ल्याचे तोवर ढिगारे झालेले. म्हणजे आज आपण बघतो ते बांधकाम बरंचसं १५४६ नंतरचं. पुन्हा बांधायला पैसे नव्हते, म्हणून कास्त्रोने गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितलं आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले, अशी गोष्ट सांगतात.

आणखी एक. रेवदंड्याला, चौलला जाणारे आपल्यात पुष्कळ असतील. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो लढाईत मारला गेला. त्याचा सूड म्हणून आल्मेदा ३ फेब्रुवारी १५०९ ला दीवच्या बंदरात शिरला आणि इजिप्त, गुजरात, कालिकत यांच्या एकत्र आरमाराला त्याने बुडवलं. हिंदी महासागरावर पुढची शंभर वर्षं कोणाची चालणार ते त्या दिवशी ठरलं. चौलमध्ये पेटलेलं दीवला भडकलं. ही दोन ठिकाणं एकामागोमाग बघावीत असं मला मनापासून वाटतं.

राकट_देशा | १९ नोव्हेंबर, सायंकाळी ६:४८

माहितीबद्दल आभार. पण एक गोष्ट खटकते आणि ती बोलायलाच हवी. किल्ल्यात आम्हाला ज्याने फिरवलं त्याने अडीच तास पोर्तुगीजांच्या शौर्याच्याच कथा सांगितल्या. मूठभर लोकांनी एवढा मोठा वेढा कसा थोपवला वगैरे. खंदकापलीकडे जे गाव होतं त्याचं काय? दीव हे पोर्तुगीज यायच्या आधी गुजरातचं भरभराटीचं बंदर होतं. गुजरातच्या सुलतानाचा इथला सुभेदार मलिक अय्याझच्या कारभारात इथे अरबस्तान, इराण, आफ्रिकेची गलबतं लागत. १५४६ चा वेढा मोडल्यावर पोर्तुगीज सैन्य त्या गावात शिरलं आणि जी कत्तल झाली ती त्यांच्याच इतिहासकारांनी लिहून ठेवलीय, बायकामुलांसकट. किल्ला बघताना हे कोणी सांगत नाही. दर्शनी भिंतीवरची नक्षी सुंदर आहेच, पण ती बघताना मला हे आठवतं.

वसईची_लेक | १९ नोव्हेंबर, रात्री ८:०२

अगदी मान्य. मीही वेढ्याची गोष्ट तटाच्या आतूनच सांगितली, ते बरोबर झालं नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती गोष्ट आम्ही नेहमी बाहेरच्या बाजूने सांगतो, दीवची मात्र आतून. वाचायला मिळतं ते बहुतेक पोर्तुगीजांनी लिहिलेलं, हे त्याचं कारण असावं.

अनवाणी | १९ नोव्हेंबर, रात्री ९:२०

राकट_देशा, तुम्ही म्हणता ते वाचून मला सकाळच्या गल्ल्या आठवल्या. किल्ल्यापेक्षा गाव जुनं आहे, आणि गावात फिरल्याशिवाय ते कळत नाही. एक दिवस किल्ल्याला आणि एक दिवस गावाला द्यावा, तोही सारखाच वेळ देऊन. तटबंदीच्या झांपा दरवाजापासून आत चालत या. दरवाजावर सिंह कोरलेत. तिथून बाजारापर्यंत गल्ल्यागल्ल्यांतून वाट काढायची, मोबाइलवरचा नकाशा बंद ठेवून.

दर्यावर्दी_निवृत्त | २० नोव्हेंबर, सकाळी ६:१५

या धाग्यावर अजून खुकरीचा उल्लेख आलेला नाही, म्हणून लिहितो.

मी नौदलात होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. दरवर्षी ९ डिसेंबरला जमलं तर दीवला जातो. १९७१ च्या युद्धात त्या रात्री दीवच्या समोर खोल समुद्रात आयएनएस खुकरी ही आपली फ्रिगेट जातीची युद्धनौका 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. जे वाचले त्यांनी सांगितलं की शेवटपर्यंत ते दुसऱ्यांना पाण्यात उतरवायला मदत करत होते. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. स्वातंत्र्यानंतर युद्धात बुडालेली ती आपली पहिली युद्धनौका.

स्मारक गावाबाहेर, चक्रतीर्थाच्या बाजूला, समुद्राकडे तोंड करून टेकाडावर आहे. काचेत खुकरीची प्रतिकृती आहे. सहलीच्या गाड्या तिथे सूर्यास्तासाठी थांबतात, लोक फोटो काढतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. एवढीच विनंती, जो जाईल त्याने तिथे लिहिलेली नावं एकदा सावकाश वाचावीत. मुलं बरोबर असतील तर त्यांना मोठ्याने वाचू द्यावीत. मला पहिल्या वर्षी अर्ध्यातच थांबावं लागलं होतं.

खुकरी हे नाव नौदलाने पुन्हा एका जहाजाला दिलं. ती कॉर्व्हेट, म्हणजे लहान युद्धनौका, मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधली गेली, १९८९ मध्ये ताफ्यात आली. २०२१ च्या डिसेंबरात निवृत्त झाल्यावर संग्रहालयासाठी ती दीव प्रशासनाच्या स्वाधीन केली, जानेवारी २०२२ मध्ये. पहिली खुकरी जिथे गेली, त्याच किनाऱ्यावर दुसरी येऊन थांबली.

चिमणीचा_बाबा | २० नोव्हेंबर, सकाळी ८:४०

काका, आम्ही नेमके ९ तारखेलाच तिथे असू. लेकीला नुकतीच अक्षरं लागायला लागलीत. तिच्याकडून वाचून घेतो.

दोघी_भटक्या | २० नोव्हेंबर, दुपारी ३:३०

आम्ही दोघी मैत्रिणी जायचं म्हणतोय. पण गुजरातेत दारूबंदी आणि दीवमध्ये दारू खुली, त्यामुळे तिथे नुसती पिणाऱ्यांचीच गर्दी असते असं ऐकलं. बायकांनी एकट्याने जाण्यासारखं आहे का? स्पष्ट सांगा.

पाऊलवाट | २० नोव्हेंबर, सायंकाळी ५:१०

स्पष्टच सांगतो. शनिवार-रविवार, दिवाळी, ३१ डिसेंबर आणि होळी टाळा. त्या दिवसांत जवळच्या जिल्ह्यांतून गाड्या भरभरून लोक येतात आणि संध्याकाळनंतर नागव्याला बायकांना नकोसं होतं. सोमवार ते गुरुवार तोच किनारा इतका शांत असतो की ओळखू येत नाही. आणि परतताना कोणी बाटली आणायला सांगितली तरी आणू नका, सीमेवर गाड्या तपासतात आणि गुजरातचा कायदा कडक आहे.

अनवाणी | २० नोव्हेंबर, रात्री ९:५५

मी सकाळी आणि रात्री नऊपर्यंत जुन्या गावात एकटी फिरले, एकदाही कोणाचा त्रास झाला नाही. ओट्यावर बसलेल्या बायका हाक मारून विचारतात, कुठून आलात.

त्रास झाला तो हॉटेलात. आरक्षण करताना समुद्राकडची शांत खोली सांगितली होती, प्रत्यक्षात दिली मागच्या बाजूची, खाली बार. पहिल्या रात्री दीडपर्यंत गाणी. बाबांना झोप नाही. दुसऱ्या दिवशी मी काउंटरवर उभी राहिले आणि खोली बदलून मिळेपर्यंत हलले नाही. तुम्ही जाल तेव्हा फोनवर दोनच प्रश्न विचारा, खोलीच्या खाली काय आहे आणि वर काय आहे. नुसतं 'सी व्ह्यू' विचारून भागत नाही.

मांडवीकाठ | २१ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

अनवाणी ताई, तुमच्या त्या कुलपाने मला लिहायला बसवलं.

आम्ही गोव्याचे. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं, तोवर गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता आणि कारभार पणजीहून चाले. आमचे बाबा सरकारी नोकरीत होते. त्यांची दोन वर्षांसाठी दीवला बदली झाली. पणजीहून मुंबई, मुंबईहून वेरावळ, तिथून एसटी, असा तीन दिवसांचा प्रवास. आई आम्हाला घेऊन मागाहून गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. घरी कोकणी, शाळेच्या वाटेवर गुजराती, आणि शेजारच्या म्हाताऱ्या शेठकाकांचं पोर्तुगीज. हे शेठकाका वाणी. त्यांचे आजोबा मोझांबिकला कापडाचा धंदा करायचे.

हे दीवचं खरं गुपित. इथले वाणी शेकडो वर्षं मोझांबिकशी व्यापार करत होते. इकडून कापड जाई, तिकडून हस्तिदंत येई. १६८६ मध्ये पोर्तुगीजांनी या व्यापाराचा मक्ता दीवच्या महाजनांच्या मंडळीला दिला होता. त्या व्यापारात माणसांचीही विक्री झाली, तेही सांगायला हवं. पुढे दीवची कितीतरी कुटुंबं मोझांबिकमध्येच राहिली. १९६१ च्या १९ डिसेंबरला दीव मुक्त झालं, १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झालं. त्यानंतर कोणी लिस्बनला गेलं, तिथून इंग्लंडला. १९६१ च्या आधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकतं, त्यामुळे नंतरही लोक जातच राहिले. तुम्ही पाहिलेली बंद घरं यांचीच. घर विकत नाहीत. कुलूप लावतात, किल्ली शेजारी ठेवतात.

शेठकाका संध्याकाळी ओट्यावर बसून मला आकडे शिकवायचे, उं, दोइश, त्रेश. त्यांच्या घराच्या सज्जाला निळा रंग होता. ते गेल्यावर मुलगा लिस्बनहून आला, दहा दिवस राहिला, आणि जाताना आमच्या आईकडे किल्ली देऊन गेला. आमची बदली झाली तेव्हा आईने ती पलीकडच्या घरी दिली. आज ती कोणाकडे आहे देव जाणे.

राकट_देशा | २१ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

फार सुंदर लिहिलंत. एक जोड देतो. आजही दमण-दीवचे खटले वरच्या न्यायालयात जातात ते मुंबई उच्च न्यायालयात. आणि पारशांच्या परंपरेप्रमाणे इराणहून आलेले त्यांचे पूर्वज संजाणला उतरण्याआधी १९ वर्षं दीवला राहिले. म्हणजे येणारे इथे थांबून पुढे गेले आणि इथलेही पुढे गेले.

हर्णैचा_वारा | २२ नोव्हेंबर, सकाळी ७:००

अनवाणी, गंगेश्वराबद्दल. मी दोन्ही वेळा पाहिलंय.

फुदमला कड्याच्या पायथ्याशी खडकाच्या कपारीत पाच शिवलिंगं आहेत, लहानमोठी. पांडवांनी स्थापली अशी श्रद्धा आहे. ओहोटीला तुम्ही जवळ जाऊन फूल वाहू शकता. भरतीला लाट कपारीत शिरते, पाचही पिंडी बुडतात, आणि पाणी ओसरताना एकेक करून पुन्हा वर येतात. आधी सर्वांत उंच, मग बाकीच्या. मघाशी वाहिलेली फुलं तोवर समुद्रात गेलेली असतात. मी तासभर पायऱ्यांवर बसून होतो. अभिषेक करायला तिथे माणसाची गरज नाही.

वेळ कशी काढायची ते सांगतो. आमच्या कोकणात तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आगेमागे आणि तेव्हाच उधाण. हा हिशेब आपल्या किनाऱ्याचा आहे. दीवला वेळ थोडी सरकते, म्हणून आदल्या दिवशी बंदरावर किंवा देवळात विचारून घ्या. पूर्ण भरतीच्या तासभर आधी पोचायचं, म्हणजे पाणी चढतानाही दिसतं आणि उतरतानाही. पायऱ्या ओल्या आणि शेवाळलेल्या असतात, वडीलधाऱ्यांना शेवटच्या टप्प्यात उतरवू नका.

वणाकबाऱ्यालाही पहाटेच जा. होड्या आल्या की लिलाव सुरू होतो, आठनंतर सगळं आवरलेलं असतं.

अनवाणी | २२ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

तिथीची पाऊणपट आजीकडून ऐकली होती, विसरूनच गेले होते. बाबांना दाखवलं, ते लगेच पंचांग काढून बसले. मांडवीकाठ, तुमचं लिहिणं आईला वाचून दाखवलं. तिने विचारलंय, ते घर कुठल्या गल्लीत?

मांडवीकाठ | २२ नोव्हेंबर, दुपारी ४:३३

सेंट पॉलच्या चर्चकडून बाजाराकडे उतरताना डावीकडची दुसरी, असं आठवतं. मी आठ वर्षांचा होतो ताई, आता उजवी-डावी सांगणं कठीण.

चिमणीचा_बाबा | १५ डिसेंबर, रात्री १०:४७

परत आलो. सगळ्यांचे मनापासून आभार. चार रात्री राहिलो, सगळ्या जुन्या गावात.

लेकीला सर्वांत आवडल्या त्या नायडा गुहा. एका कोपऱ्यात छतातून उन्हाचा खांब खाली आला होता, ती त्यात जाऊन उभी राहिली आणि हलेचना. भिंतींवर छिन्नीच्या आडव्या रेघा अजून स्पष्ट आहेत. मी तिला सांगितलं की काल किल्ल्यात जो दगड पाहिला तो इथून गेला, तर ती रेघांवरून हात फिरवत राहिली. दगडावरून आठवलं, हा पोरबंदरी जातीचा चुनखडीचा दगड. मुंबईत फोर्टमधल्या कितीतरी जुन्या इमारतींना पोरबंदरचाच दगड आहे. आता ऑफिसला जाताना मी भिंतीला हात लावून बघतो.

वणाकबाऱ्याला सव्वासहाला पोचलो. बायका टोपल्या घेऊन बसलेल्या, खारव्यांच्या होड्या रिकाम्या होत होत्या. किनाऱ्यावर एक लाकडी होडी बांधायचं काम चाललं होतं, नुसता सांगाडा, बरगड्यांसारखा. सुताराने फळीच्या फटीत कापसाची वात ठोकून भरायची कशी ते लेकीला दाखवलं. मग आम्ही कोळंबी घेतली आणि गावातल्या एका खानावळीत करून मिळाली.

९ तारखेला संध्याकाळी स्मारकावर गेलो. लेकीने अकरा नावं वाचली, अडखळत. जोडाक्षरं आली की माझ्याकडे बघायची. मागे उभे असलेले एक आजोबा पुढचं नाव हळूच सांगत होते. ते आपले काका होते का ते विचारायचं धाडस झालं नाही.

मांडवीकाठ, चर्चकडून उतरताना डावीकडच्या दुसऱ्या गल्लीत गेलो होतो. पिशवी बांधलेलं कुलूप काही दिसलं नाही. पण तिथलं एक निळ्या सज्जाचं घर सताड उघडं होतं. आत रंगाचे डबे, शिडी, आणि माझ्या वयाचा एक माणूस झडपा घासत होता. महिनाभरासाठी आलाय म्हणाला, बहिणीचं लग्न आहे. लिस्बनहून आलात का विचारलं तर म्हणाला, नाही, लेस्टरहून, पण आजोबा लिस्बनला होते. तेच घर की दुसरं ते मला सांगता येणार नाही. सज्जाचा फोटो काढलाय, तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवतो.